चेंबर खाली

मल्हारराव धायबर ‘खाली’ हा शब्द उच्चारत नसत.

घरात एखादी वस्तू पलंगाखाली घरंगळली, की ती मल्हाररावांच्या लेखी ‘पलंगाच्या बुडाशी’ गेलेली असे. जिना ते उतरत. खाली येत नसत. डबा रिकामा असला तर मराठीत ‘रिकामा’ म्हणून भागून जाई, पण तेच दारातल्या भाजीवाल्याला हिंदीत सांगायची वेळ आली, की ‘इसमें कुछ नहीं है’ असा लांबचा फेरा घेत. मान खाली घालण्याचे प्रसंग माणसावर येतातच, त्यांच्यावरही आले. ते मान घालत, शब्द गाळत.

“अहो, मांजर कुठं गेलं?” वनमालाबाई मुद्दाम विचारत.

“कपाटाच्या बुडाशी.”

“बुडाशी म्हणजे?”

“बुडाशी म्हणजे बुडाशी. तुला मांजर हवंय की व्याकरण?”

मुलांना वाटे, लोक काशीला जाऊन एखादं फळ सोडतात तसा बाबांनी हा शब्द सोडला असेल. सोडला होता हे खरं. फक्त काशीला नाही. त्याचं मूळ होतं ग्वाल्हेरात, स्टेशनाजवळ पडाव म्हणतात त्या भागात, एका सरकारी मोटारशाळेत.

धायबरांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आले. पणजोबा भाला घेऊन आले, आजोबांकडे तलवार होती, वडिलांच्या कमरेला दरबारच्या फौजेतली संगीन, आणि मल्हाररावांच्या हाती पाना. त्याच फौजेच्या मागून पोथी घेऊन आलेल्या एका घराण्यातले लक्ष्मीकांतपंत आठले हे मल्हाररावांच्याच सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. ते म्हणत, “धायबर, तुमच्याकडं हत्यार दर पिढीला आखूड होत चाललंय हो. मुलाला काय देणार, टाचणी?”

“द्यावीच लागेल,” मल्हारराव म्हणत. “तुमच्या पोथीची पानं सुटी झालीत ना, पंत.”

संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, आणि मल्हारराव ज्या खात्यात होते ते खातं दरबारचं होतं ते सरकारचं झालं. खात्याचं काम चंबळेच्या बेहडांत, म्हणजे मातीच्या घळींच्या मुलखात, फिरून जमिनीची पाहणी करण्याचं. राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असे, त्यामुळे अर्धी कागदपत्रं कायम ट्रकमध्येच असत आणि हवा असलेला कागद नेहमी दुसऱ्या गावी. मल्हारराव मोटारशाळेचे फोरमन. त्यांच्या ताब्यात महायुद्धानंतर लष्करानं काढून टाकलेल्या तीन जुन्या जीपा आणि एक मिस्त्री.

मिस्त्रीचं नाव दौलतसिंह. दरबारच्या फौजेत तो बंदुका दुरुस्त करायचा. फौज मोडली, बंदुका गेल्या, तेव्हा तो रोजंदारीवर मोटारशाळेत आला आणि आठ वर्षं रोजंदारीवरच राहिला. कमी बोलायचा. लोखंडाला हातोडी मारून आवाज ऐकायचा आणि मग सांगायचा, हे चालेल, हे नाही. मल्हाररावांना तो ‘दद्दा’, म्हणजे थोरले भाऊ, म्हणे. वयानं मल्हाररावांपेक्षा दोन वर्षांनी मोठाच होता, पण फोरमनचं वय कोण बघतो.

सन छप्पन्न उजाडलं तेव्हा सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की मध्य भारतही आता राहात नाही. आणखी मोठा प्रांत होणार आणि राजधानी भोपाळला. खात्यात दोन याद्या व्हायला लागल्या. एकीत ज्यांना नव्या प्रांतात पक्कं घेणार त्यांची नावं, दुसरीत ज्यांना घरी पाठवणार त्यांची. दौलतसिंहाचं नाव आठ वर्षांच्या रोजंदारीनंतर पहिल्या यादीत चढलं होतं. खुद्द मल्हाररावांनीच शिफारस केली होती. स्वतः मल्हाररावांचं मात्र अधांतरी. भोपाळला फोरमनची जागा एक, आणि इंदूरकडचा फोरमनही तिच्यावर डोळा लावून बसलेला.

अशा दिवसांत नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच दौऱ्यात जीपेचं पोट दगडाला घासल्याचा आवाज ऐकला आणि हुकूम काढला, की तिन्ही गाड्यांना पोटाशी लोखंडी संरक्षण बसवावं. मूळचं होतं ते कधीच गंजून पडलं होतं. दुसरा हुकूम असा, की यापुढे प्रत्येक काम लेखी सांगावं, आणि हिंदीत.

“मला दाखवत जा लिहिलेलं,” लक्ष्मीकांतपंत म्हणाले. “शुद्ध करून देईन.”

“चार पिढ्या इथं काढल्या, पंत. मला काय हिंदी शिकवता?”

“बाजारात पत्रा मागायला गेला होतात त्याचं काय झालं?”

हे मात्र झोंबलं. तरुणपणी मल्हारराव ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात ‘मोटा पत्रा चाहिए’ म्हणून विचारत हिंडले होते आणि दुकानदारानं मोठ्या आदबीनं त्यांना शेजारच्या पंडिताकडे पाठवलं होतं. पंडितानं त्यांच्यापुढं सगळ्यात जाड पंचांग ठेवलं. इथं पत्रा म्हणजे पंचांग. लोखंडाच्या पत्र्याला चद्दर म्हणतात. तेव्हापासून मल्हारराव त्या एका शब्दाला इतके जपत, की घरी पांघरायच्या चादरीलाही जरा दबकूनच हात लावत.

चद्दर कोणती, हे ठरवायला आठ दिवस लागले. मल्हाररावांच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. सकाळी दोघं भंगाराच्या ढिगाशी जाऊन उभे राहत.

रेल्वेच्या भंगारातली चार सुती प्लेट होती, म्हणजे चांगली अर्धा इंच जाड. मल्हाररावांना ती बघताक्षणीच आवडली. “यावर तोफ आदळली तरी काही होणार नाही.”

दौलतसिंहानं हातोडी मारली. “तोफ को कछू न होगो, दद्दा. पर कमानी बैठ जाएगी.” ते खरंच होतं. एवढं वजन लटकवल्यावर गाडीच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, दबणार आणि पोट आणखी दगडाजवळ जाणार.

मग एक सुती. हलकी, वाकवायला सोपी. दौलतसिंहानं ती दोन विटांवर ठेवली, वर एक दगड टाकला आणि नुसतं मल्हाररावांकडे पाहिलं. चद्दर दबून विटांच्या मधल्या जमिनीला टेकली होती. गाडीत तीच चद्दर वर दबून चेंबरला टेकली असती. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची टाकी. जीपच्या पोटात सगळ्यात नाजूक जागा कुठली, तर ती. फुटली, की तेल गेलं. तेल गेलं, की इंजिन जागच्या जागी जाम.

तिसरी होती लढाईच्या वेळी विमानं उतरायला माळावर अंथरलेली भोकाभोकांची चद्दर. ती हलकी आणि मजबूत, पण भोकांत बेहडाची माती बसून तिची वीट होते, असं दौलतसिंहाचं म्हणणं पडलं. त्यानं एक तुकडा चिखलात बुडवून दोन दिवस उन्हात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी मल्हाररावांच्या हातात दिला. मल्हाररावांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि वाद सोडला.

अखेर दोन सुती ठरली. पुढची कड होडीसारखी वर वळवायची. बोल्टांची डोकी चद्दरीत बुडवायची, म्हणजे दगडात अडकत नाहीत. तेल उतरवायच्या नटासमोर एक भोक. आणि चद्दर चेंबरला चिकटवायची नाही. मध्ये दोन बोटं अंतर, म्हणजे मार चद्दरीला बसला तरी चेंबरला कळूसुद्धा नये. चद्दर एकच अखंड, इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंत, की दोन तुकडे, यावर मात्र दोघांचं तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. चेंबर झाकला तर इंजिन तापेल, असं एकदा मल्हारराव स्वतःच म्हणाले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते मागे घेतलं होतं.

“एक बार लिख के दे दो, दद्दा,” दौलतसिंह शेवटी म्हणाला. “जो लिखोगे सो कर देंगे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी याद्यांच्या कामासाठी मल्हाररावांना बोलावलं होतं. निघता निघता त्यांनी चिठ्ठी लिहिली. डोकं मराठीत, हात हिंदीत, आणि सगळं लक्ष ‘पत्रा’ हा शब्द चुकून पडू नये याकडं. लिहिलं ते असं:

‘दो सूत की चद्दर गियर बॉक्स पर कसना। चेंबर खाली रखना, दो अंगुल छोड़कर।’

मल्हाररावांना म्हणायचं होतं, की तीच चद्दर चेंबरच्या खालीही घ्यावी, मध्ये दोन बोटं सोडून. चिठ्ठी त्यांनी दौलतसिंहाच्या भट्टीजवळच्या खिळ्याला टोचली. कामाच्या चिठ्ठ्या तिथंच असत. ते फाटकापाशी पोचतात तोच दौलतसिंह चिठ्ठी हातात घेऊन मागून आला.

“दद्दा, चेंबर खाली?”

“हां हां, खाली.”

“खाली?”

याद्या, साहेब, इंदूरचा फोरमन, सगळं एकदम मल्हाररावांच्या कपाळात गोळा झालं. “लिखा तो है! हिंदी नहीं पढ़ी जाती क्या?”

हे ते जरा मोठ्यानं म्हणाले. फाटकापाशी दोन ड्रायव्हर होते, ते हसले. दौलतसिंहानं चिठ्ठीची घडी केली, होकाराचं “हओ” म्हणाला आणि परत गेला.

चद्दरी बसल्या. मल्हाररावांनी वाकून बघायला हवं होतं. पण त्या आठवड्यात खात्यात कुणीच वाकून काही बघत नव्हतं. सगळे टाचा उंचावून यादीत डोकावत होते. मागच्या बाजूनं गिअरबॉक्सची चद्दर झकास दिसत होती. त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी साहेब पहिली जीप घेऊन बेहडात गेले. एका कोरड्या नाल्यात दगड लागला. ड्रायव्हरला वाटलं, चद्दर आहे, काळजी नाही. त्यानं तसंच पुढं दामटलं. कोसभर गेल्यावर इंजिन एकदा कण्हलं आणि जाम झालं. मागं वळून पाहिलं तर वाटभर तेलाची काळी रेघ. साहेब दोन कोस पायी चालले आणि पुढं मोहरीच्या काड्यांनी भरलेल्या बैलगाडीवर बसून मुख्य रस्त्याला लागले. ग्वाल्हेरला पोचले तेव्हा त्यांच्या कोटातून काड्या निघत होत्या, आणि साहेबांना हसणं परवडेल असं खात्यात त्या दिवसांत कुणीच नव्हतं.

जीप ओढून आणली. मल्हारराव पहिल्यांदा तिच्या पोटाशी शिरले. गिअरबॉक्सची चद्दर जशीच्या तशी होती. तिची पुढची कड सुबक वळवलेली होती, बोल्ट बुडवलेले होते. आणि ती चेंबरच्या अलीकडे, बरोबर दोन बोटांवर, संपत होती. चेंबर उघडा, फुटका.

ते बाहेर आले ते ओरडतच. “चेंबर के खाली लिखा था ना? खाली!”

दौलतसिंहानं खिळ्यावरची चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं धरली. “खाली ही रखो है, दद्दा. दो अंगुल छोड़ के.”

मल्हाररावांनी चिठ्ठी वाचली. या वेळी डोकंही हिंदीत होतं. चेंबर खाली रखना. चेंबर मोकळा ठेवा. दोन बोटं सोडून. जे लिहिलं होतं तेच झालं होतं, अगदी अंगुळाअंगुळानं मोजून. पंडिताचं पंचांग आठवलं. एका शब्दाला जपता जपता दुसऱ्या शब्दानं गाठलं होतं.

“दे,” ते म्हणाले. “साब को मैं दिखाता हूँ. समझा दूँगा. तुम्हारा कोई कसूर नहीं.”

आणि त्यांनी चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या क्षणी त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. साहेबांना दाखवायची, हेच होतं. ही गोष्ट मल्हारराव पुढं स्वतःला पुष्कळदा सांगत, आणि ती खरीही होती. पण तिचा उपयोग काही होत नसे.

कारण साहेबांच्या खोलीबाहेरच लक्ष्मीकांतपंत भेटले. “धायबर, हे कुणाचं काम? यादी परवा टाइप होतेय. साहेब म्हणाले, फोरमनच्या जागेला ज्याच्या नावावर ठपका नाही तो. इंदूरवाल्याच्या नावावर नाहीये.”

चिठ्ठी त्या दिवशी खिशातच राहिली. म्हटलं, उद्या दाखवू. दुसऱ्या दिवशी साहेब चिडलेले होते. म्हटलं, शांत झाल्यावर. तिसऱ्या दिवशी चौकशी.

साहेबांच्या खोलीत चौघं होते. साहेब खुर्चीत, पंत लिहायला, मल्हारराव टेबलाच्या उजवीकडं आणि दौलतसिंह दाराजवळ, हात धुऊन आलेला, तरी नखांत काळं.

“इसे लिखित आदेश दिया गया था?” साहेबांनी विचारलं.

मल्हाररावांचा हात खिशाकडं गेला. गेला हे नक्की. बोटांना कागद लागला. मग हात बाहेर आला, रिकामा.

“जबानी बताया था, साब. मैंने कहा था, चेंबर के नीचे भी चद्दर लगाना.”

नीचे. त्या दिवशी मल्हाररावांची हिंदी पहिल्यांदा बिनचूक निघाली.

साहेबांनी दौलतसिंहाकडं पाहिलं. दौलतसिंहानं मल्हाररावांच्या खिशाकडं. तो बराच वेळ तसाच पाहत होता. इतका, की पंतांनी टाक दौतीत बुडवला आणि पुन्हा एकदा बुडवला. मग दौलतसिंह म्हणाला, “दद्दा ने कही है, तो कही होगी.”

पंतांनी लिहून घेतलं: चूक कबूल.

यादी टाइप झाली. फोरमनच्या जागेपुढं मल्हारराव धायबर. दौलतसिंहाचं नाव पहिल्या यादीतून दुसरीत गेलं. आठ वर्षं जे पक्कं होणार होतं ते एका दुपारीत मोकळं झालं. तो हत्यारं न्यायला आला तेव्हा मल्हारराव जीपेत डोकं घालून बसले होते, ज्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. दौलतसिंहानं हातोड्या, सांडशी, कानशी सगळं पोत्यात भरलं. शेवटी त्यानं भट्टीजवळचा तो चिठ्ठ्यांचा खिळा सांडशीनं उपटला, तोही पोत्यात टाकला आणि फाटकातून बाहेर पडला. निरोप घेतला नाही. मल्हाररावांनीही मान वर केली नाही.

नोव्हेंबरात धायबर कुटुंब भोपाळला गेलं. स्टेशनाकडं जाताना पडाव लागला. दौलतसिंह तिथल्याच एका बोळात राहायचा. टांग्यात वनमालाबाई म्हणाल्या, “दौलतसिंहाला भेटायचं नाही का? एवढे आठ वर्षांचे तुम्ही.”

“गाडी चुकेल,” मल्हारराव म्हणाले. गाडीला दीड तास होता.

भोपाळला नोकरी झाली, क्वार्टर झालं, मुलं मोठी झाली, शिकली. पहिल्याच वर्षी मल्हाररावांनी एकदा हिय्या करून अर्ज लिहिला. घडलं ते सगळं लिहिलं आणि दौलतसिंह मिस्त्रीवरचा ठपका काढावा असं म्हटलं. टेबलावरच्या कारकुनानं वर वर वाचून अर्ज परत दिला. “मध्य भारत का मामला है? वो तो अब है नहीं. फाइल ग्वालियर में होगी, नहीं तो इंदौर में. यहाँ आई नहीं.”

मल्हारराव जिना उतरले तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं, याचीच इतकी लाज वाटली, की मूळची लाज बरी म्हणायची. तो शब्द त्यांनी सोडला तो तिथून.

चिठ्ठी कोटात होती. कोट जुना झाला, नवा आला. मल्हाररावांच्या लक्षात यायचं, की नव्या कोटाच्या आतल्या खिशातही चिठ्ठी आहे. त्यांनी ठेवलेली नसे. वनमालाबाई कोट धुवायला टाकताना खिसे तपासत, आणि जे निघेल ते दुसऱ्या कोटात ठेवत. कधी काही विचारलं नाही. फक्त मांजर कुठं गेलं, ते विचारत.

निवृत्त झाल्यावर मल्हारराव ग्वाल्हेरला परतले. मुलानं दर्पण कॉलनीत घर घेतलं होतं. ते रोज संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडत आणि पडावापर्यंत जाऊन परत येत. तिथं एका बोळाच्या तोंडाशी ‘दौलतसिंह चद्दरवाले’ अशी पाटी होती. लांबून मल्हारराव पाटी वाचत आणि वळत. पावसाळा गेला, हिवाळा गेला.

“कुठवर गेला होता?” वनमालाबाई विचारत.

“पडावापर्यंत.”

“मग थांबायचं ना थोडं.”

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मल्हाररावांनी कोट चढवला. वनमालाबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चिठ्ठी आहे ना?”

मल्हारराव दारात थबकले. “तुला माहीत होतं?”

“वीस वर्षं तुमचे कोट कोण धुतंय? जा. ऊन व्हायच्या आत परत या.”

दुकानात एक जीप उभी होती, कुण्या कंत्राटदाराची. तिचा तरुण ड्रायव्हर दौलतसिंहाशी हुज्जत घालत होता. त्याला जाडजूड चद्दर हवी होती. दौलतसिंह म्हातारा झाला होता. चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. तो चार सुती प्लेटवर हातोडी मारून म्हणत होता, “लगा दूँगा, मोय का है. पर कमानी बैठ जाएगी.”

मग त्यानं वर पाहिलं. “काए दद्दा,” तो म्हणाला, जसे काही मल्हारराव वीस दिवसांनी आले होते. “आ गए भोपाल से?”

रस्ताभर जुळवलेलं वाक्य मल्हाररावांनी बाजूला ठेवलं. त्यांनी चिठ्ठी काढून पुढं केली. “ये तुम्हारी है.”

दौलतसिंहानं हात पुढं केला नाही. “हाथ काले हैं. पढ़ के सुनाओ.”

“तुम जानते हो क्या लिखा है.”

“मैं जानता हूँ. तुम पढ़ो. जोर से, भट्टी की आवाज है.”

मल्हाररावांनी घड्या उलगडल्या. कागद घड्यांवर चिरला होता. “दो सूत की चद्दर गियर बॉक्स पर कसना. चेंबर…”

ते अडले. वीस वर्षं जिभेवर न आलेला शब्द. ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून ऐकत होता. “चेंबर क्या, चाचा?”

“चेंबर खाली रखना. दो अंगुल छोड़कर.”

ड्रायव्हर खो खो हसला. “चेंबर ही खाली? फिर चद्दर क्या आरती उतारने के लिए? किस गधे ने लिखा है?”

“मैंने,” मल्हारराव म्हणाले. “मैंने लिखा था. और साब के सामने कहा, नहीं लिखा.”

ड्रायव्हरचं हसू अर्ध्यात विरलं. त्याला काही कळलं नव्हतं, पण एवढं कळलं, की आपण इथं नसतो तर बरं होतं. तो जीपेपलीकडं जाऊन उगाच टायर दाबू लागला.

दौलतसिंहानं हात पुसले, सावकाश, एकेक बोट. “मोय मालूम थी,” तो म्हणाला. “फौज में दस-बारह बरस तुम लोगन की हिंदी सुनी है. तुम्हारे यहाँ जो नीचे, सो खाली. तभी तो पूछने आया था. दो बार पूछी.”

“फिर क्यों काटी चद्दर?”

“तुमने कही, हिंदी नहीं पढ़ी जाती क्या. सबके सामने.” त्यानं खांदे उडवले. “तो मैंने हिंदी पढ़ ली.”

मल्हाररावांनी चिठ्ठीची घडी पुन्हा केली.

“आधी चूक मेरी थी, दद्दा. अकड़ में कर दी. इसी से साब के आगे चुप रहा. मैंने सोची, तुम चिट्ठी निकालोगे तो मैं भी अपनी आधी कह दूँगा.” त्यानं मल्हाररावांच्या कोटाकडं बोट केलं. “हाथ तो गया था तुम्हारा जेब में.”

“गया था.”

“देखा था मैंने.”

मल्हारराव काही तरी बोलू लागले. माफी, भोपाळचा अर्ज, यादी, इंदूरचा फोरमन. दौलतसिंहानं मान हलवली. “अब किसको दिखाओगे? साब रहे नहीं, दफ्तर रहा नहीं. उस कागज में तो अब भी मेरी ही चूक लिखी है, जहाँ पड़ा होगा.”

मग त्यानं चिठ्ठी घेतली. भट्टीजवळच्या भिंतीत एक जुना गंजका खिळा होता, त्याच्यावर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. त्यानं ही चिठ्ठी सगळ्यांच्या वर टोचली आणि अंगठ्यानं दाबली. “जहाँ से ले गए थे,” तो म्हणाला. आणि जरा वेळानं, कारण मल्हारराव हलत नव्हते, “दद्दा, सरको तनिक. उजाला रोक रहे हो.”

मल्हारराव बाजूला झाले. ड्रायव्हर परत आला. दौलतसिंहानं त्याला दोन सुती चद्दर दाखवली, वर दोन बोटं धरून अंतर समजावलं, बोल्ट कसे बुडवायचे ते सांगितलं. सगळं तेच होतं, त्या आठ दिवसांतलं, शब्दन्‌शब्द. मल्हाररावांकडं त्यानं पुन्हा पाहिलं नाही. बस म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही.

घरी आल्यावर वनमालाबाईंनी पाणी दिलं. “काय म्हणाला?”

“बाजूला हो म्हणाला.”

त्यांनी कोट घेतला, सवयीनं आतला खिसा चाचपला आणि कोट खुंटीला लावला.

मल्हारराव पुढं सहा वर्षं जगले. फिरायला पडावावर जात, पण बोळासमोरून जायचं आलं, की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालत. तिथून भट्टी दिसे, भट्टीजवळचा खिळा दिसे. त्याच्यावरचा कागद वाचता येत नसे, पण आहे, हे कळत असे.